तांबटगडाचा दरवाजा

आखातातल्या करामा वस्तीतल्या जुन्या बिल्डिंगांना एक बरं असतं, त्यांना बाल्कनी असते. नव्या टॉवरमधल्यांना खिडकीतून समुद्र दिसतो, जिम मिळते, पण दिवाळीचा किल्ला करायला जागा मिळत नाही. ते बिचारे हॉलमध्ये ट्रे मांडून किल्ला करतात आणि तो वाढदिवसाच्या केकसारखा दिसतो. देवदत्त सबनीसची बाल्कनी दुसऱ्या मजल्यावर, पार्किंगच्या बाजूला, चांगली ऐसपैस होती. समोर धुळीने माखलेल्या गाड्या, पलीकडे मल्याळी कॅफेटेरिया आणि डोक्यावर सतत घरघरणारं एसीचं धूड. त्याच्या नळीतून ठिबकणारं पाणी सुरुची, त्याची बायको, बादलीत धरून ठेवायची. दिवाळीत ते किल्ल्यावर शिंपडायला उपयोगी पडायचं.

देवदत्त जबल अलीच्या बंदरात एका कंपनीत सप्लाय प्लॅनर होता. गोदामात माल किती, खाणारी तोंडं किती, पुढचं जहाज कधी, एवढं विचारलं की जगातलं कुठलंही कोडं सुटतं अशी त्याची ठाम समजूत होती. भुताखेतांची गोष्ट निघाली की तो सरळ जांभई द्यायचा. महाराष्ट्र मंडळाच्या किल्ला-स्पर्धेत मात्र त्याचा जीव अडकलेला. गेल्या वर्षी त्याचा नंबर थोडक्यात हुकला होता आणि ते दुःख त्याने वर्षभर उराशी बाळगलं होतं.

या वर्षी त्याचे वडील व्हिजिट व्हिसावर आले होते. वसंतराव म्हणजे इतिहासाचे निवृत्त मास्तर. सह्याद्रीत तांबटगडाच्या अगदी पायथ्याला त्यांचं गाव. बनियनमध्ये गुंडाळून त्यांनी मातीचे मावळे आणले होते आणि एकाचाही हात मोडला नव्हता, याचं कौतुक ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होते.

"किल्ले सगळेच करतात," देवदत्त म्हणाला. "आपण या वर्षी वेढा करू."

म्हाताऱ्याची कळीच खुलली. तांबटगडाचा वेढा हा त्यांचा हातखंडा विषय. बादशहा दख्खनेत उतरला आणि स्वातंत्र्ययुद्ध पेटलं, तेव्हा कोकणात उतरणाऱ्या घाटाच्या तोंडाशी हा एकच गड उभा होता. गड पडला तर घाट मोकळा, घाट मोकळा तर कोकणातून येणारा दाणागोटा बंद. बादशहाच्या सरदाराने गडाभोवती मोर्चे खणले, तोफांसाठी मातीचे उंच दमदमे बांधले आणि तो बसून राहिला. किल्लेदाराकडे डाव एकच होता, पावसापर्यंत तग धरायचा. सह्याद्रीतला पाऊस कोसळला की मोर्चे भरणार, दमदमे विरघळणार, तोफा चिखलात रुतणार आणि मागून आपली फौज येणार. अगदी तसंच झालं. "तांबटगड राहिला म्हणून कोकण राहिलं," वसंतराव सांगायचे, "आणि कोकण राहिलं म्हणून आपण राहिलो."

आता, दिवाळीच्या किल्ल्यावर शत्रू कोणी मांडत नाही. मावळे असतात, तोफ असते, डोक्यावर पाटी घेतलेली बाई असते, गायीम्हशी असतात आणि वर महाराज असतात. शत्रू आपला गृहीत धरलेला. पण देवदत्तने ड्रॅगन मार्टमधून प्लॅस्टिकचे हिरवे सैनिक पिशवीभर आणले, त्यांच्या बंदुका कापल्या, डोक्यांना कापसाचे फेटे चिकटवले आणि बादशाही फौज तयार केली.

"यातला एक वॉकी-टॉकीवर बोलतोय," वसंतराव म्हणाले.

"असू द्या बाबा. सरदाराला रिपोर्ट देतोय."

बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, मुझम्मिल, याने वाळवंटातली लाल वाळू दोन गोण्या भरून आणून दिली. तिच्यात नर्सरीतली काळी माती कालवून गड उभा राहिला. वर तट, तटाला बुरूज, तटाखाली उतरती मोकळी पट्टी आणि पट्टीच्या पलीकडे मोर्चे. महादरवाजा देवदत्तने पॅलेटच्या लाकडाचा केला, गोंदाने घट्ट बसवला आणि आतून खडे रचून चिणून टाकला, कारण वेढ्यात किल्लेदार तसंच करत. सुरुचीला ते आवडलं नाही.

"आमच्याकडे दिवाळीच्या किल्ल्याचा दरवाजा कधी बंद ठेवत नाहीत," ती म्हणाली. "लक्ष्मी काय तटावरून उडी मारून येणार?"

"वेढा उठला की उघडू," देवदत्त म्हणाला. त्यांची मुलगी पर्णिका चौथीत होती. ती हसली आणि तिने सगळीकडे अळीव पेरले.

अळीव उगवायला वेळ लागत नाही. गडाचे उतार हिरवे झाले, मोर्च्यांवरही लव आली. मधली पट्टी तेवढी कोरडी राहिली. देवदत्तने तिथे पुन्हा अळीव टाकले, पुन्हा पाणी शिंपडलं. पाणी पडायचं, क्षणभर काळा डाग दिसायचा आणि वाळू परत कोरडी ठणठणीत. त्याने चिमटीत धरून पाहिली तर तव्यावरच्या रव्यासारखी गरम. वाळू जास्त आणि माती कमी पडली, हे त्याचं निदान. एकदा त्याने वैतागून अख्खी बादली ओतली आणि मग खाली कोणाच्या गाडीवर पाणी गेलं असेल म्हणून जीभ चावली. तो वाकून ओरडला, "मुझम्मिलभाई, माफ करना, पानी गिरा क्या?"

मुझम्मिल बाल्कनीच्या बरोबर खाली खुर्ची टाकून बसला होता. त्याने वर पाहिलं, जमिनीकडे पाहिलं.

"नहीं साब. यहाँ तो एक बूँद नहीं आया."

त्या रात्री जेवताना देवदत्तने विषय काढला. "बाबा, तुमच्या वेढ्याचा हिशेब लागत नाही. वर टाकी दोन, भर उन्हाळा, शिबंदी एवढी, शिवाय खालच्या गावांतली माणसं आश्रयाला आलेली. पावसापर्यंत पाणी पुरणं शक्यच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

वसंतरावांनी पोळीचा तुकडा भाजीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"पुरवलं," ते म्हणाले. "हे शाळेत शिकवत नसत. मीही शिकवलं नाही. पाणी तळाला गेलं तेव्हा लढणारे सोडून बाकीच्यांना किल्लेदाराने दरवाजाबाहेर काढलं. म्हातारीकोतारी, बाया, पोरं. त्याला वाटलं, शत्रू त्यांना जाऊ देईल."

"दिलं?"

"कशाला देईल? त्याला ती माणसं आतच हवी होती, पाणी संपवायला. त्याने मोर्च्यांवरून हाकलून परत पाठवली. आणि किल्लेदाराने दरवाजा काही उघडला नाही. तट आणि मोर्चे यांच्या मधे राहिली ती. पाऊस येईपर्यंत."

"बाबा, पोरीसमोर काय हे!" सुरुची म्हणाली.

देवदत्तचं डोकं अजून ऑफिसातच होतं. त्याला कोडं सुटल्याचा आनंद झाला होता आणि तो त्याने लपवलाही नाही. "टफ, पण करेक्ट डिसिजन. खाणारी तोंडं कमी केल्याशिवाय स्टॉक पुरलाच नसता."

पर्णिकाने चमचा खाली ठेवला. "देअर वेअर किड्स, बाबा."

"हो राणी. पण वॉर म्हटलं की…"

"इफ यू वेअर द किल्लेदार, वुड यू ओपन इट?"

मुलांना खरं सांगावं, खोटं बोलून गोंजारू नये, असं देवदत्तचं मत होतं. "नसता उघडला," तो म्हणाला.

पर्णिकाने आपला पाण्याचा ग्लास उचलला, बाल्कनीत गेली आणि रिकामा ग्लास घेऊन परत आली.

दुसऱ्या दिवसापासून तिने पाणी पिणं सोडलं. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. शाळेची बाटली रिकामी घरी यायची, दुधाचा मग रिकामा दिसायचा. मग शाळेतल्या नर्सचा फोन आला, की मुलगी वर्गात चक्कर येऊन पडली, ओठ फुटलेत, ताबडतोब या. सुरुचीने तिला बाथरूममध्ये, बाल्कनीत, कपाटामागे पाणी ओतताना कधी पाहिलं होतं का, हे आठवून पाहिलं. बाल्कनीत पाहिलं होतं. रोजच.

क्लिनिकमध्ये डॉक्टर माहनूर यांनी सलाइन लावलं, रक्त तपासलं, घसा पाहिला. सगळं नॉर्मल. त्या देवदत्तला बाजूला घेऊन बोलल्या.

"निगलने में कोई तकलीफ नहीं है। मैंने पूछा, बेटा पानी क्यों नहीं पीतीं? कहती है, अभी मेरा नंबर नहीं आया।"

"नंबर?"

"आगे बहुत लोग हैं, कहती है।" डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "एक-दो दिन देखते हैं। मुँह से पानी नहीं लिया तो ॲडमिट करना पड़ेगा।"

मुलीने मनाला लावून घेतलंय, दुसरं काही नाही, असं देवदत्त सुरुचीला समजावत राहिला. हे बोलताना त्याची नजर मात्र तिच्या डोळ्यांना भिडत नव्हती, कारण सकाळी त्याने एक गोष्ट पाहिली होती. महादरवाजाच्या लाकडावर, बाहेरच्या बाजूने, अगदी तळाशी, बारीक उभे ओरखडे उठले होते. कबुतरं असतील, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. करामात कबुतरांना काय तोटा. पण कबूतर वर खरडतं, खाली खरडतं, कुठेही खरडतं. हे सगळे ओरखडे एकाच उंचीपर्यंत होते, जिथवर हात पोचावा तिथवर.

शुक्रवारी कंपनीला अर्धा दिवस सुट्टी. देवदत्त घरी आला तेव्हा सोफ्यावर पर्णिका पडली होती आणि सुरुची तिच्या तोंडाशी चमचा धरून बसली होती. चमच्यातलं पाणी ओठांवरून ओघळून उशीवर जात होतं. पोरीचे डोळे खोल गेले होते. तिच्या हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. गेल्या दोन दिवसांत साठवलेला सगळा शहाणपणा त्या एका चिमटीत गळून गेला.

"तो किल्ला आधी कचऱ्यात टाक," सुरुची म्हणाली. ती ओरडली नाही, तिच्यात तेवढं त्राण नव्हतं. "मला नको तुमची बक्षिसं. टाक तो. नाहीतर मी टाकते."

"टाकतो," तो म्हणाला आणि त्याने फावडं घेतलं.

"नो, बाबा." पर्णिकाचा आवाज कागद घासल्यासारखा आला. "इफ यू ब्रेक इट, दे विल बी अंडर इट."

तो थांबला.

"जस्ट ओपन द डोअर."

बाल्कनीच्या दारात वसंतराव उभे होते. ते कधी तिथे येऊन उभे राहिले कोणालाच कळलं नव्हतं. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता.

"तेवढं करू नकोस, देवा."

"बाबा, खेळण्यातला दरवाजा आहे तो."

"मग उघडायची घाई कशाला?" ते म्हणाले. मास्तरांचा आवाज थरथरत होता. "मी रोज दुपारी इथे बसतो. दरवाजावरचं ते खरवडणं मलाही ऐकू येतं. पण तो दरवाजा उघडला नाही म्हणून कोकण राहिलं. म्हणून आपलं गाव राहिलं. तूच म्हणालास ना, करेक्ट डिसिजन?"

"ती प्यायली नाही तर कोण राहणार आहे, बाबा?"

वसंतरावांनी नातीकडे पाहिलं. मग ते बाजूला झाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

देवदत्तने बाल्कनीत पाऊल टाकलं.

बाहेर दुपारचं लख्ख ऊन होतं. गाड्यांच्या टपांवर डोळा ठरत नव्हता. कॅफेटेरियासमोर माणसं चहा पीत उभी होती, त्यांचे ओठ हलत होते, पण त्यांचा आवाज येत नव्हता. एसीची घरघरही थांबली होती, आणि त्याचा पंखा तर फिरत होता. वास होता. बंद जागेत पुष्कळ माणसं पुष्कळ दिवस राहिली की येतो तसा वास.

तो गडाच्या मागून, दरवाजाच्या आतल्या बाजूला गुडघ्यांवर बसला. दरवाजा त्याच्या तळहाताएवढा होता. बोटांनी धरून त्याने ओढला.

हलला नाही.

त्याने दोन्ही हातांनी धरला. आतले खडे करकरले. तो आवाज खड्यांचा नव्हता, मोठ्या चिऱ्यांचा होता, आणि तो खालून कुठून तरी, फार खोलातून आला. त्याने पाय रोवून जोराचा हिसका दिला. घाम डोळ्यांत उतरला. हाताखाली लाकूड तापलं होतं, आणि लाकडाच्या पलीकडून कोणीतरी आत रेटत होतं.

दरवाजा सुटला.

गरम हवेचा झोत त्याच्या अंगावरून, मनगटांमधून, मांड्यांजवळून निघून गेला. खूप वेळ जात राहिला. कसलीतरी शेवटची चिंधी बोटांना लागून गेल्यासारखं वाटलं.

मग वास गेला.

पट्टीतली वाळू ओली झाली होती.

त्याने मान वर केली. तटावरचे मावळे त्याने आपल्या हाताने बाहेर तोंड करून बसवले होते. आता ते सगळे त्याच्याकडे पाहत होते.

तटापलीकडे काहीतरी खुडबुडलं. त्याने वाकून पाहिलं.

मोर्चे रिकामे होते.

आत ग्लास खणकला आणि पाठोपाठ सुरुचीचं रडणं ऐकू आलं. ते रडणं सुटकेचं आहे हे कळायला देवदत्तला थोडा वेळ लागला. तो धावत आत गेला. पर्णिका उठून बसली होती. दोन्ही हातांनी ग्लास धरून ती घटाघटा पाणी पीत होती. ग्लास संपला, तिने दुसरा मागितला, मग तिसरा. देवदत्त तिथेच फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. बाल्कनीचं दार त्याने लावून घेतलं आणि त्या दिवशी तिकडे फिरकलाच नाही. पोरगी पाणी पितेय, यापुढे बाकीचं सगळं गेलं खड्ड्यात, असं त्याला मनापासून वाटलं.

शनिवारी सकाळी मंडळाचे परीक्षक आले. अनुपमा आणि राजन हे इंटरनॅशनल सिटीतलं जोडपं, दोघंही बोलकी. रात्रभर शांत झोपून उठलेली पर्णिका टेबलाशी पोहे खात होती. नको म्हणायला देवदत्तला काही कारण सुचेना. वसंतरावांनी झोकात बाल्कनीचं दार उघडलं. त्यांचा चेहरा नेहमीसारखा प्रसन्न होता आणि आवाजही नेहमीचा, वर्गातला.

"हा तांबटगडाचा वेढा. पावसापर्यंत तग धरला असता तर सगळा इतिहास बदलला असता. पण ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, आतून दरवाजा उघडला गेला. बाहेर अडकलेली माणसं आत घुसली आणि त्यांच्या पाठोपाठ बादशाही फौज. गड पडला."

"अरेरे," राजन म्हणाला.

देवदत्तने सुरुचीकडे पाहिलं. ती चहाचे कप मांडत होती. शंभरदा ऐकलेली गोष्ट ऐकावी तसा तिचा चेहरा होता.

"बाबा," तो म्हणाला, "गड तर राखला ना आपण?"

वसंतरावांनी त्याच्याकडे चकित होऊन पाहिलं, मग पाहुण्यांकडे बघून हसले. "लहानपणापासून ऐकतोय आणि आज विचारतोय! राखला असता तर हवं काय होतं? गड गेला, घाट गेला. खालची गावं महिनाभर जळत होती. आमचंही गाव त्यातच गेलं. मी पाहिलंय ना, नुसती जोती राहिलीत."

"फितुरी केली कोणी पण?" अनुपमाने विचारलं.

"नाव कोणालाच माहीत नाही. आमच्याकडच्या बायका सांगतात, त्याची मुलगी तहानेने मरायला टेकली होती, तिच्यासाठी उघडला. आमच्या भागात अजूनही त्याच्या नावाने थुंकतात."

पर्णिकाने पोह्यांच्या बशीवरून वडिलांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली.

"काय बारीक काम केलंय हो!" अनुपमा म्हणाली. ती किल्ल्यापाशी वाकली होती. हिरवे सैनिक तटावर उभे होते, बुरुजांवर उभे होते. वॉकी-टॉकीवाला सर्वांत उंच जागी होता. मातीचा मावळा एकही दिसत नव्हता. "आणि ही जळलेली गावंसुद्धा दाखवलीत!"

मोर्च्यांच्या पलीकडे, बाल्कनीच्या कठड्यापर्यंत, देवदत्तने काहीच मांडलेलं नव्हतं. नुसती फरशी सोडली होती. तिथे आता काळ्या राखेचे छोटे छोटे ढीग होते. अंतराअंतराने, ओळीने, पार कठड्याच्या कोपऱ्यापर्यंत.

अनुपमाने कौतुकाने एका ढिगाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"अगं बाई, गरम आहे की! ऊन लागलं वाटतं."

"असेल," वसंतराव म्हणाले.

त्या बाल्कनीत ऊन दुपारनंतर येतं.